बरणीत कोंडलेली वीज

कवळीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही. आठवून करायचंय काय? निम्मी गल्ली त्यांनी बनवलेल्या दातांनी हसते, आणि उरलेली निम्मी त्यांना हसते.

हसण्याचं कारण डोक्यावर टांगलेलं होतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या टोकाला उभ्या केलेल्या लोखंडी नळापर्यंत काकांनी चांगली तीस पावलं लांबीची तांब्याची तार ताणली होती. तिची केबल खिडकीतून त्यांच्या कारखान्यात उतरायची. कारखाना म्हणजे मागची खोली: फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले, आणि त्यांच्या मधोमध काकांचा रेडिओ. गाणी ऐकायचा नव्हे. या रेडिओवरून जगातल्या कुठल्याही हौशी माणसाशी बोलता यायचं. बोलायचं म्हणजे तारायंत्रासारखी टिकटिक करायची. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, आपल्या आधीचे सगळे जबडे हाच कार्यक्रम ऐकत बसलेत.

दर रविवारी सकाळी आठ वाजता काकांना समुद्रापलीकडचा एक पाववाला भेटायचा. एकोणीस वर्षांची दोस्ती, पण तोंड पाहिलेलं नाही. भाषा याची त्याला येत नाही, त्याची याला येत नाही. दोघांना येतात ते ठिपके, रेघा आणि बुद्धिबळ. आठवड्याला एक चाल. एकेक डाव दोन-दोन वर्षं चालायचा. काकू म्हणायच्या, "एवढ्यात माणसं लग्न करून भांडायलाही लागतात."

आता या सुखाला दृष्ट लागली होती. कोरडा वारा सुटला की काकांचा रेडिओ बहिरा व्हायचा. आजवर तीनदा! सकाळी केबल जोडायची, 'टिक' असा बारीक आवाज यायचा, आणि मग रेडिओत नुसती सामसूम. काकांनी संशय घ्यायचं कुणाला सोडलं नाही. कंपनीवर झाला, कबुतरांवर झाला, काकूंच्या मिक्सरवर तर दोनदा झाला. स्वतःवर मात्र नाही. कसा येणार? काकांएवढी काळजी कोण घेतं? जुन्या रेडिओवाल्यांची रीतच ती: काम झालं की केबल काढायची आणि तिचं टोक काचेच्या बरणीत घालून ठेवायचं. काचेतून वीज जात नाही, सबब रेडिओ सुरक्षित. काकूंची साखरेची सर्वांत मोठी बरणी या सत्कार्यी लागली होती.

काकूंचा भाऊ वायरमन. त्यानं एकदा बरणीकडे बघून तोंड उघडलं होतं, पण काका म्हणाले, "तू पंखे बसव. हवेतलं आम्ही बघतो." मेहुण्यानं तोंड मिटलं आणि चहा पिऊन गेला.

गेल्या रविवारी पाववाल्यानं चाल सांगितली नाही. टिकटिक आली ती एवढीच: "पुढचा रविवार शेवटचा. तार उतरवतोय." का, ते विचारायच्या आत आवाज विरून गेला. सोमवारी काकांनी पुन्हा केबल जोडून पाहिली, तर 'टिक', आणि रेडिओ तिसऱ्यांदा बहिरा.

काकांचा आठवडा कसा गेला ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला विचारा. त्यांना वरची कवळी खालच्या जबड्याची मिळाली. दुरुस्तीला गेलेला रेडिओ शनिवारी घरी आला. दुरुस्त करणाऱ्यानं बजावलं होतं, "काका, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. या खेपेला गेला की गेला."

"मग फोन करा ना त्या पाववाल्यांना," काकू म्हणाल्या.

"फोनवर बोलू काय? दात वाजवून दाखवू?"

रविवारी पहाटेपासून वारा सुटला होता. कोरडा ठणठणीत, धुळीचा. कंगवा फिरवला तरी केस उभे राहत होते. साडेसातला काका पाट मांडावा तसा बुद्धिबळाचा पट मांडून बसले. तेवढ्यात काकू आल्या. नवीन साखर आली होती आणि त्यांचा संयम संपला होता.

"अहो, माझी बरणी."

"जोडणारच आहे केबल, घे मग."

पण काकूंनी वाट बघण्याचा काळ मागं पडला होता. त्यांनी केबलचं टोक मुठीत धरून बरणीतून उपसलं. अंगठा मधल्या टोचणीला लागला मात्र, चटकन निळी ठिणगी उडाली आणि काकू किंचाळल्या, "आई गं! चावली! तुमची बरणी चावली मला!"

"बरणी कशी चावेल?"

"मग तुम्ही घाला बोट!"

काकांनी बोट घातलं नाही. ते केबलकडे बघत राहिले. विजेची जोडणी नाही, रेडिओ बंद, आकाशात ढगाचा पत्ता नाही. मग ठिणगी आली कुठून? आणि हे टोक दर रविवारी आपण थेट रेडिओत... घड्याळात सात छत्तीस.

काकूंनी अंगठा चोखत भावाला फोन लावला आणि फोन काकांच्या कानाला चिकटवला. काकांनी आपलं 'हवेतलं आम्ही बघतो' गिळलं. गिळायला तो घास फार मोठा होता.

"दाजी? आज सूर्य कुठं उगवला?"

"ऐक, थट्टा नंतर कर. केबलला वीज आली कुठून?"

"वाऱ्यातली धूळ तारेला घासून घासून आली. तार कुणालाच जोडलेली नाही, मग ती वीज जाईल कुठं? साठत बसते. तुम्ही चोराला रात्रभर अंगणात बसवता आणि सकाळी हात धरून थेट तिजोरीपाशी नेता."

"म्हणजे माझे तिन्ही रेडिओ..."

"तुम्हीच मारलेत. बरणी नुसती साक्षीदार."

काकू मध्येच ओरडल्या, "आणि मिक्सरची माफी कोण मागणार?"

मेहुण्यानं उपाय सांगितला. खिडकीखाली जमिनीत ठोकलेली तांब्याची कांब आहे ना, तिला आधी टोक टेकवा म्हणजे साठलेलं निघून जाईल. पण वारा थांबलेला नाही, पुन्हा साठेल. म्हणून तार आणि कांब यांच्यामध्ये विजेला जबरदस्त अडवणारे रेझिस्टर कायमचे बसवा. "घागरीला बारीक भोक पाडल्यासारखं, दाजी. साठेल तसं झिरपेल, भरणार म्हणून नाहीच. तुमच्या टिकटिकीला त्याचा पत्ताही लागायचा नाही."

"आता दुकान कुठं उघडं असणार?"

"मेलेले रेडिओ फेकलेत का?"

फेकले असते तर ते काका कसले! दोन रेडिओंची मढी पलंगाखालीच होती. काकांनी त्यांतले पाच रेझिस्टर उपटले, एकामागे एक डाख देऊन जोडले आणि खिडकीच्या चौकटीवर बसवले. सांधे उघडे ठेवून चालणार नव्हते, चिकटपट्टी सापडेना, तेव्हा त्यांनी हाताशी होतं ते वापरलं: कवळीच्या हिरडीचा गुलाबी मसाला. कालवला, थापला, अंगठ्यानं सफाईदार गोलाई दिली. सवयच ती. आठला चार मिनिटं असताना खिडकीला उत्तम प्रतीची हिरडी फुटली.

"दोन दाढाही बसवा," काकू म्हणाल्या.

काकांनी केबलचं टोक कांबेला टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. शांत. मग डोळे मिटून त्यांनी ती रेडिओला जोडली.

'टिक' झालं नाही. सळसळ ऐकू आली, मग समुद्रापलीकडून ओळखीची, जराशी अडखळत चालणारी टिकटिक. काकू मागे उभ्या होत्या, पण काकांचा चेहरा दिसावा म्हणून हळूच पुढे आल्या.

काकांनी पहिलं विचारलं: "का?"

उत्तर तुटक तुटक आलं. "रेडिओ जळतात. तीन गेले. हा उसना. मुलगी म्हणते पुरे."

काकांनी बरणीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं: "केबल कुठं ठेवतोस?"

"बरणीत. तूच शिकवलंस."

खोलीतले सगळे जबडे काकांकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या ऐटीत ती रीत त्यांनीच त्याला दिली होती. आता उपाय तेवढा सांगून मोकळं होता आलं असतं. शोध आपलाच असंही ठोकता आलं असतं, तिथे मेहुणा थोडाच ऐकत होता! काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी टिकटिक कळत नसूनही मान हलवली.

"चूक माझी," काकांनी वाजवलं. "सहाही रेडिओ मी मारले. तुझे तीन, माझे तीन." मग कांब, रेझिस्टर, घागरीचं भोक, सगळं सांगितलं, आणि शेवटी दात आवळून: "बायकोच्या भावानं शिकवलं."

काका खुर्चीच्या टोकावर आले. काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

मग टिकटिक आली. काका एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले.

"मुलीला... सांगितलं. तार... राहील."

काकूंनी श्वास सोडला. "आणखी काय म्हणतायत?"

"थांब, येतंय. 'शिक्षा म्हणून... माझा घोडा...'"

काकांनी पटावर समोरचा घोडा अडीच घरं सरकवला. राजाला शह होता, आणि त्याच घोड्याच्या दुसऱ्या टापेखाली काकांचा वजीर. दोन वर्षांचा जिंकत आलेला डाव.

"मेलो!" काका आनंदानं ओरडले. "अगं, मेलो मी! खणखणीत ऐकू आलं!"