वर्षभराचा टाको मसाला

महाडात मे महिन्याच्या दुपारी कोणाच्या गच्चीवर काय वाळतंय ते नुसत्या वासावरून सांगता येतं. त्या वर्षी आमच्या गच्चीवरचा वास मात्र कोणालाच ओळखता येईना. समोरच्या काकूंनी तर आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात उंदीर-बिंदीर मेलाय का हो?"

तो माझा कांदा होता. पातळ उभा चिरून, आईच्या जुन्या लुगड्यावर पसरून मी तो उन्हात घातला होता, आणि शेजारी तसाच चिरलेला लसूण. कशासाठी, तर अमेरिकेतल्या एका पुडीची जिरवायला.

माझा धाकटा भाऊ तिकडे नोकरीला. बऱ्याच वर्षांनी तो बायको-मुलीला घेऊन आला होता. अख्खा मे महिना महाडला काढायचा आणि मग बायकोच्या माहेरी पुण्याला जायचं, असं ठरलं होतं. मी तेव्हा हायस्कूलात विज्ञान शिकवत असे. लग्न केलं नव्हतं. घरात आई आणि मी, आणि दोघी एकमेकींना कंटाळण्याचं काम वर्षभर नेमाने करत असू. भाऊ येणार म्हटल्यावर मी घराला रंग दिला, नवी गादी शिवून घेतली, आंब्याची अढी घातली. भाची काय खाईल, हा प्रश्न काही मला पडला नाही. माणूस आहे, भात खाईल, एवढाच विचार मी केला होता.

ती भात खाईना. भाकरी खाईना. आंब्याला तिने एकदा बोट लावलं आणि ते बोट बापाच्या शर्टाला पुसलं. पाच वर्षांच्या त्या मुलीला फक्त टाको चालत असे. टाको म्हणजे मूळची मेक्सिकोतली, मक्याची कडक, मधोमध दुमडलेली पुरी आणि तिच्यात मसालेदार सारण. वहिनीने त्या मसाल्याच्या पुड्या बरोबर आणल्या होत्या. पुरीच्या जागी काहीही द्या, सारण कशाचंही करा, त्या मसाल्याचा वास आला की मुलगी जेवत असे. आठवड्याभरात पुड्या संपल्या आणि मुलगी दूध-बिस्किटांवर आली.

एका संध्याकाळी ओट्यावर बसलेलो असताना भाऊ म्हणाला, "ताई, ही अशीच उपाशी राहिली तर आम्हाला लवकर पुण्याला जावं लागेल. तिकडे हिच्या आवडीचं काहीतरी तरी मिळतं."

मला तो राहायला हवा होता. तो गेल्यावर घर कसं होतं ते मला माहीत होतं, आणि ते इतक्या लवकर पुन्हा नको होतं. पण हे सरळ तोंडाने बोलले असते तर मी मास्तरीण कसली! मी म्हटलं, "आण ती रिकामी पुडी इकडे. एवढ्याशा भुकटीला तुम्ही डॉलर मोजता? मी महाडात बसून करून दाखवते."

पुडीच्या मागे बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. मिरची, जिरं, कांद्याची पूड, लसणीची पूड, मीठ, साखर, थोडं पीठ. मला हसूच आलं. याच्यासाठी का विमानाने पुड्या आणायच्या? फक्त ओरेगानो नावाचा एक पाला नवीन होता. तो मी कधी पाहिलेला नव्हता, पण हा ओव्याच्याच घराण्यातला असणार, असा निकाल देऊन मी अंगणातल्या पानओव्याची पानं तोडून वाळत टाकली. वर्गात मुलांनी असा अंदाज केला असता तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

कांदा-लसूण कडक वाळल्यावर पहिला प्रयोग खलबत्त्यात केला. मिक्सर घरात होता, पण त्यातला मसाला आईच्या लेखी मसाला नव्हेच. मी जिरं भाजलं, मिरच्या भाजल्या, आणि हात आपोआप लवंग-दालचिनीच्या डब्याकडे गेला. मसाला म्हटलं की आमचा हात तिकडे जातोच. भाचीने ताटाला नाक लावलं आणि ताट सरकवलं.

"ह्ये तर मटनाचं झालं गो," आई वास घेत म्हणाली. ती मूळची वरंधची, आणि जन्मभर महाडात राहूनही तिची बोली हलली नव्हती. "पुडीत लवंग हाय काय?"

"नाही."

"मंग तू कशापायी घातलीस?"

दुसऱ्या खेपेला आईने माझ्या हाताजवळून तो डबाच उचलून नेला. मी मसाला कुटला, त्यात कडव्या वालाचं बिरडं परतलं. आईने तांदळाचा पापड भाजून गरम असतानाच चिमट्याने दुमडला. भाचीने वास घेतला. मग खाल्लं. मग आणखी मागितलं. कडवे वाल! ते तर भाऊसुद्धा लहानपणी ताटाखाली लपवत असे. मी न्हाणीघरात जाऊन थोडी रडून आले आणि बाहेर येऊन मिरचीला नावं ठेवली.

इथे थांबले असते तर शहाणी ठरले असते. त्या मुलीला महिनाभर एक वाटी मसाला पुरला असता. पण आमच्याकडे मे महिन्यात केलेला मसाला म्हणजे वर्षाचा मसाला. वाटीभर करणं हे कोणाला सुचतच नाही, मलाही सुचलं नाही. पुन्हा कांदे आले, पुन्हा गच्ची घमघमली, आणि सगळं डब्यांत भरून मी मसाला कुटायच्या डंकावर रांगेत जाऊन बसले.

रांगेतल्या बायकांनी माझे डबे उघडून बघितले.

"बाई, धने कुठं हायत?"

"यात धणे नसतात."

"खोबरं?"

"नाही."

"मंग ह्यो मसाला कसला?"

मी त्यांना मेक्सिको देशाची माहिती दिली. चांगली दहा मिनिटं दिली. मला त्या देशाबद्दल पुडीवर छापलं होतं त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, पण बोलायला लागले की मला थांबता येत नाही.

"तिकडं बी डंक हाय काय?" एकीने विचारलं.

"असणारच," मी ठणकावून सांगितलं.

घरी दोन मोठ्या बरण्या भरल्या. वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडकं बांधलं. भाची दोन्ही वेळा जेवायला लागली. तिचे गाल वर आले. गल्लीतल्या बायका वाटीभर मागून नेऊ लागल्या आणि मी प्रत्येकीला मेक्सिकोची माहिती देऊ लागले. भाऊ गादीवर लोळत आंबे खात होता, आणि मी मनात म्हणत होते, आता कसे जातात बघू.

मग एक दिवस वहिनी स्वयंपाकघरात आली. चेहरा अगदी मोकळा झालेला. "ताई, तुम्ही केवढी काळजी मिटवलीत! आता हिचं खाणं कुठेही होईल. आई-बाबा पुण्याहून रोज फोन करताहेत, तर आम्ही या रविवारीच निघतो. थोडा मसाला द्याल ना बरोबर?"

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरातून निघणाऱ्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं! अख्खी एक बरणी पिशव्यांत भरली, दुहेरी गाठी मारल्या, वापरायचं प्रमाणही समजावून सांगितलं. मसाला उत्तम जमला होता. इतका उत्तम की त्याच्याबरोबर आत्या लागत नव्हती.

रविवारी सकाळी त्यांची जीप वरंधा घाटाच्या दिशेने वळली. आई दारात उभी होती. ती रडली नाही. आत जाता जाता म्हणाली, "पुढल्या टायमाला येवढा चांगला नको करू गो."

उरलेल्या बरणीने वर्षभर आमचा पिच्छा पुरवला. वाल, चवळी, वांगं, सुकट, सगळ्याला एकच चव. आई रोज बरणीत डोकावून म्हणायची, "ह्याला कीड पन लागत नाय." खरंच लागत नव्हती. वासही तसाच खमंग.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला भावाचा फोन आला. कंपनीच्या कामासाठी पुण्याला येतोय, तिघंही येतोय, पण फार धावपळ आहे, महाडला जमेलसं वाटत नाही. "ताई, तो मसाला एसटीने पुण्याला पाठवशील का? ही अजून तोच मागते."

आई चुलीपाशी वाल फोडणीला टाकत होती. बरणी तिच्या पुढ्यात उघडीच होती.

"तो पाठवता येत नाही रे," मी म्हटलं. "तो मसाला टिकत नाही. केला की लगेच खावा लागतो. इथेच यावं लागेल."

मग तो म्हणाला, "बरं. येतो मग."

आईने बरणीला झाकण लावलं आणि ती तांदळाच्या डब्यामागे सरकवून ठेवली.