अंबाड्यात अडलेला गळपट्टा

राजुरीत सगळे समजतात, की माझ्या बायकोच्या गळ्यातला जाड लोकरीचा गळपट्टा सुनेनं विणला. खरं तर तो मोबाइलवर बघून मी विणला. सुतळीनं बायकोच्या गळ्याचं माप घेतलं आणि तेवढाच बांगडीसारखा गोल विणला. हा डोक्यावरून घालावा लागणार, हे लक्षातच आलं नाही. तो अंबाड्याला अडला. आता पहाटे गोठ्यात धार काढायला जाताना ती अंबाडा सोडते, गळपट्टा ताणून घालते आणि पुन्हा अंबाडा बांधते.

शेजारीण हसली, "दावं बांधलंय का गं गळ्यात?"

"सुनंनं विणलाय. तिला काय अंबाड्याचं माप ठावं!" बायको म्हणाली. मी तिथंच होतो. आता सून आली की बायका तिला चिडवतात, आणि ती गोंधळून माझ्याकडं बघते.

बायकोला माझी लाज वाटली, की तिनं माझी चूक झाकली? शेवटी विचारलंच.

"तुमचं नाव घेतलं असतं, तर तुमी उसवून सैल करत बसला असता," ती म्हणाली. "मला न्हाई उसवायचा."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं का, ते अजून कळत नाही. सुनेची मात्र इथंच माफी मागतो.