पालटलेला गिअर

माझ्या मामाला सगळे डॉक्टर म्हणतात. दहावीनंतर त्याने एकही परीक्षा दिलेली नाही. तो छोट्या रेल्वेगाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणून हौशी मंडळातल्या लोकांनी थट्टेत ही पदवी दिली. मामाने ती इतकी मनावर घेतली, की इंजिन उघडायला बसताना तो पांढरा कोट घालतो. कोटाच्या वरच्या खिशात तीन चिमटे असतात. त्यातले दोन वाकडे आहेत.

"खेळणी म्हणू नकोस," तो मला बजावतो. "मॉडेल म्हण. इंजिनिअर झालीस, एवढं तरी कळायला हवं."

त्याची सगळी विद्या एका युक्तीत मावते. या इंजिनांमध्ये मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते आटे खालचा नायलॉनचा गिअर फिरवतात. गाडी बहुतेक वेळा पुढेच धावते, त्यामुळे गिअरचा प्रत्येक दात एकाच बाजूने झिजतो. दुसरी बाजू कोरी राहते. मामा गिअर काढतो, उलटा पालटतो आणि परत दाबून बसवतो. इंजिन धावायला लागतं. युक्ती चांगली आहे. पण पालटलेल्या गिअरला तो नवा गिअर म्हणतो. "बाहेरून मागवला," म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटेपर्यंत थांबून राहतो. पालटलेल्या गिअरवर तो खूणही करत नाही. खूण चुगली करेल ना.

बाबांचं एक हिरवं इंजिन होतं. मागच्या खोलीत दोन दारं जोडून केलेल्या टेबलावर त्यांनी रूळ टाकले होते, प्लास्टरचा बोगदा केला होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आता आई माझ्याकडे राहायला येणार होती. माझं घर लहान, म्हणून टेबल सोमवारी सुटं करायचं ठरलं होतं. आईने एकच गोष्ट मागितली.

"त्याआधी हिरवं इंजिन एक फेरा मारू दे. पूर्ण. मधे हाताने ढकलायचं नाही."

इंजिन जागचं हलत नव्हतं. मी खालचं झाकण काढलं, तर आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. म्हटलं, धुऊन टाकते, अर्ध्या तासाचं काम आहे. आई म्हणाली, "राहू दे. घरात डॉक्टर असताना तू हात लावलास तर तो फुगून बसेल."

इंजिन मामाकडे गेलं. रविवारी दुपारी तो ते घेऊन आला, कोटासकट. सोबत मंडळातले पोस्टमास्तर होते. ते निवृत्त झालेत, आणि मामाची प्रत्येक शस्त्रक्रिया बघायला हजर असतात.

"गिअर गेला होता, ताई," मामा म्हणाला. "नवा टाकलाय. बाहेरून मागवला."

"बघा," पोस्टमास्तर आईला म्हणाले. जणू त्यांनीच मागवला होता.

मामाने बटण फिरवलं. इंजिन वीतभर सरकलं, घरघरलं आणि थांबलं. मोटर फिरत होती, चाकं नाही. मामाने रुळांवर फडकं मारलं. पुन्हा वीतभर. मग त्याने विजेच्या दाबाला दोष दिला. मग बाबांना.

"भाऊजींनी कधी निगाच राखली नाही."

आई टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती. आता ती कपडे भरायला निघून जाण्याच्या बेतात होती. मी इंजिन उचललं, झाकण काढलं आणि भिंग लावलं. दात एका बाजूने झिजून सुईसारखे झाले होते.

"नवा गिअर एवढा पिवळा?" मी विचारलं.

"उन्हात ठेवतात," मामा म्हणाला. "कडक व्हायला."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली.

"त्यावर सुईने ओढलेली रेघ आहे का बघ," आई म्हणाली.

रेघ होती. गिअरच्या आतल्या अंगाला, टॉर्च तिरका धरल्यावर दिसली.

"ती बाहेरच्या अंगाला होती," आई मामाला म्हणाली. "सात वर्षांपूर्वी तू असाच नवा गिअर बसवून दिला होतास. हे म्हणाले, तोच आहे, फक्त पालटलाय. आणि रेघ ओढून ठेवली. मी म्हटलं, जाऊ द्या, माझा भाऊ आहे, त्याला बोलू नका."

म्हणजे मामाने तोच गिअर दुसऱ्यांदा पालटला होता आणि मेलेली बाजू पुन्हा कामाला जुंपली होती. खोटं बोलायचं तर निदान वहीत टिपून तरी ठेवावं. गिअर पालटण्यासाठी त्याला आतलं ग्रीस मात्र पुसावं लागलं होतं. तेवढंच करून थांबला असता तर इंजिन धावलं असतं.

चांगली बाजू अजून होती. पण दाबून बसवलेला गिअर काढायचं हत्यार मामाच्या घरी होतं, आणि न काढता ती बाजू इंजिन मागे जातानाच कामाला येणार होती. मी इंजिन फिरवून ठेवलं, तोंड डब्यांकडे, पाठ पुढच्या रुळाकडे. डबे जोडले.

"आई, बटण उलट्या बाजूला फिरव."

तिने फिरवलं. इंजिन डब्यांकडे बघत, पाठीमागे चालत, त्यांना ओढत निघालं. स्टेशन गेलं, बोगदा गेला. वळणावर जरा रेंगाळलं. आईचा हात बटणावरून हलला नाही. इंजिन वळण पार करून जिथून निघालं होतं तिथे परत आलं. कुणी ढकललं नव्हतं.

मामाने घसा खाकरला. "मुद्दामच तसं बसवलं होतं," तो पोस्टमास्तरांना म्हणाला. "उलट चालीचं. फार कमी लोकांना जमतं."

"डॉक्टर, माझी दोन्ही इंजिनं अशीच करून द्या," पोस्टमास्तर म्हणाले.

"उद्या टेबल सुटं करायला ये," आई त्याला म्हणाली. "कोट घरी ठेवून."

"उद्या कसा येणार, ताई? यांची दोन इंजिनं आहेत ना."

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने दुसऱ्या फेऱ्यासाठी बटण फिरवलं होतं.