तबकडीची तिसरी बाजू

पुणे सोडताना मी फार खुशीत होतो, हे आधीच कबूल करतो. दर डिसेंबरात मी या मासिकात वर्षातल्या आवडत्या तबकड्यांची यादी देतो. सिनेमाच्या नव्हेत, मोठ्या कंपन्यांच्याही नव्हेत. कुणीतरी पदरमोड करून काढलेल्या आणि दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या. यंदा पहिला क्रमांक दिला होता सोलापुरातून निघालेल्या धनगरी ओव्यांना. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटच नाही. ओवी ऐन भरात असताना आवाज थांबतो आणि सुई नुसती खरखरत राहते. 'असा शेवट करायची छाती शहरातल्या एकाही गवयाला नाही,' असं मी ठोकून दिलं होतं. वाचकांची पत्रं आली, तबकडी रेडिओवर वाजली, आणि आपण शोधून काढलेला गायक डोळ्यांनी पाहावा म्हणून मी जानेवारीत निघालो. शोधून काढलेला! जसा काही तो बिचारा हरवला होता.

सोलापूरला दुपारी उतरलो. तबकडी काढणारे गृहस्थ पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, लाउडस्पीकर भाड्याने देतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. "तुमच्या लेखानं होत्या तेवढ्या सगळ्या खपल्या की हो!" असं म्हणत त्यांनी मला शेंगाचटणी आणि कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली भाकरी) खाऊ घातली. मी त्या शेवटाबद्दल खोदून विचारलं.

"शेवट कसला? टेप संपली की."

मी हसलो. मला वाटलं, माणूस विनयानं बोलतोय.

त्यांच्याकडून गायकाचा पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मैंदर्गीची एसटी धरली. अक्कलकोटच्या पुढे टायर बसला आणि तासभर रस्त्याकडेला उभं राहावं लागलं. काळ्या रानात ज्वारी कणसाला आलेली, वाऱ्यात गारवा. एका बाईनं मूठभर हुरडा हातावर ठेवला आणि कुणाकडे जाणार म्हणून विचारलं. मी तबकडीवरच्या गायकाचं, मायाप्पाचं, नाव सांगितलं.

"व्हय का? मैंदर्गीत हाटेलापुढं गातो, त्यो?" ती तोंडाला पदर लावून हसली. "आत त्येचीच तबकडी वाजती, आन ती थांबली की ह्यो भाईर हुबा ऱ्हाऊन म्हनतो. लोक लई हसत्यात."

मला तेही भारी वाटलं. कलावंताचा लहरीपणा म्हणून मी ते वहीत टिपून घेतलं.

मैंदर्गीला उतरून दोन मैल चाललो. मायाप्पा सत्तरीचा, खांद्यावर घोंगडं, मेंढ्यांजवळ बसलेला. "बर्री, बर्री (या, या)," म्हणून त्यानं घोंगडंच अंथरलं. त्याची बायको लक्ष्मव्वा शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आली. मी मोठ्या ऐटीत मासिक काढलं आणि माझा लेख वाचून दाखवला. म्हातारा शेवटपर्यंत नीट ऐकत होता.

"असा शेवट म्या केला, असं लिवलंय?"

"हो."

"म्या न्हाय केला." त्यानं चहा खाली ठेवला. "आमच्यात ओवीत बिरोबाला नावानं बोलवायचं, आन शेवटाला त्येच्या जागंवर पोचवायचं. पोचवल्याबगर उठायचं न्हाय. त्या सोलापूरच्या माडीवर पयली बाजू झाली, थांबा म्हनले, चा दिला. दुसरी झाली, पुन्ना थांबा, पुन्ना चा. मला वाटलं, आता तिसरी बाजू. ढोल घिऊन बसून ऱ्हायलो की. तर म्हनले, झालं, चला."

म्हणजे वर्षभर तबकडी वाजली की देव बोलावला जात होता, आणि त्याला परत पोचवायला हा म्हातारा दोन मैल चालत हॉटेलापुढं जाऊन लोकांचं हसू सोसत होता. मी मात्र त्या तुटलेल्या जागेला पहिला क्रमांक देऊन बसलो होतो. मला स्वतःची शिसारी आली.

"मैंदर्गीत म्या हाय," मायाप्पा म्हणाला. "पर रेडूवर लागली म्हनता. पुन्यात घरोघर लागती म्हनता. तितं मागनं कोन म्हनतं?"

त्याच्या चेहऱ्यावरची काळजी बघवेना, म्हणून मी खोटं बोललो. "माझ्या घरी मी म्हणतो."

"म्हना की."

मला एक ओळही येईना. लक्ष्मव्वानं मान खाली घातली. मायाप्पा मात्र रागावला नाही. ढोल घेऊन त्यानं दुपारभर मला शेवटच्या चार ओळी शिकवल्या. मला सूर नाही, ताल नाही. तरी त्यानं घोटून घोटून पाठ करून घेतल्या.

"येवढ्या म्हनल्या तरी भागतंय. तुमच्या लिवन्यानं त्यो लई घरी गेलाय. आता वाटंला लावायचं बी तुमीच."

मी मान डोलावली आणि परतीची एसटी पकडली.

वाचकहो, माझं ते वाक्य खोडून टाका. तबकडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती लावू नये. एवढं तरी त्या माणसासाठी करा. पण तुम्हाला उपदेश करणाऱ्यानं स्वतः काय केलं, तेही ऐका. पुण्याला आल्यावर दार लावून मी ती तबकडी लावली. ओवी तुटली. मी उभा राहिलो, तोंड उघडलं. शेजारच्या खोलीत बायको आणि मेहुणी बोलत होत्या, त्या नेमक्या गप्प झाल्या. त्या ऐकतील, हसतील, या लाजेनं माझा आवाज फुटला नाही. मी खाकरल्यासारखं केलं आणि सुई उचलून ठेवली. चारही ओळी अजून तोंडपाठ आहेत.