शिमेवर घातलेलं गाऱ्हाणं

चहा थंड झाला तरी चालेल, पण मधेच हसणार नाही असं आधी कबूल करा. कारण ह्या प्रकारात मी नुसता एकटा तोंडावर आपटलो नाही, अर्ध्या डिचोलीला बरोबर घेऊन आपटलो! आणि खरं सांगू? अजूनही भर दुपारी सर्वणच्या वाटेने एकट्याने जायची माझी छाती होत नाही.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. मी डिचोलीच्या बाजारात टायपिंगचे वर्ग चालवायचो, म्हणून लोक मास्तर म्हणायचे. अर्ज टाइप करून घ्यायलाही माझ्याकडेच यायचे. आता अर्ज आपण टाइप केला की खाली पहिली सही कोणाची? आपलीच! असा मी पुढारी झालो. निवडून कोण देणार होतं मला!

तर झालं काय, बसस्टँड वाढवायचा म्हणून पालिकेने मागच्या पाच खोल्या पाडायच्या ठरवल्या. आत राहणारे सगळे कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार. सोमवारपर्यंत जागा खाली करा म्हणे! बदल्यात नगराध्यक्षांनी सर्वणला खोल्या द्यायचं कबूल केलं. किती? चार. बिऱ्हाडं किती? पाच! वर आणखी गंमत ऐका. सर्वणला जाणारी एकुलती एक मिनीबस नगराध्यक्षांच्या मेव्हण्याची. ती त्याने महिन्यापूर्वी बंद करून लग्नाच्या वऱ्हाडांना लावलेली. सकाळी सातच्या पाळीला माणसं सर्वणहून कारखान्यात पोचणार कशी? उडत?

पाचवं बिऱ्हाड धोंडीरामचं. गडहिंग्लजकडचा, अबोल माणूस. बायको सात महिन्यांची गरोदर. "मास्तर, हिला घिऊन उघड्यावर कुटं बसू?" एवढंच तो म्हणाला आणि माझ्या टाइपरायटरकडे बघत राहिला. मला गलबलून आलं.

मी चारदा शिष्टमंडळ नेलं. चारही वेळा नगराध्यक्ष गायब! "आत्ताच गेले हो," शिपाई सांगायचा. टेबलावरच्या चहातून वाफ निघत असायची, पंखा फिरत असायचा, आणि माणूस नाही. त्यांच्या घरी गेलो तर त्यांची बायको म्हणते, सकाळपासून आलेच नाहीत. हा माणूस दुपारचा जातो तरी कुठे?

शेवटी आमच्या मंडळीच म्हणाल्या, "माणूस आयकणा नाय तर शिमेवरच्या राखणदाराक गाऱ्हाणा घाला. थंय तरी दाद लागात."

आमच्याकडचा राखणदार म्हणजे देवचार. गावाची शीव तो राखतो. त्याची वेळ दुपारी बाराची. त्याला जाड भाकरीचा रोट द्यायचा, विड्यांचा जुडगा द्यायचा, फिरून फिरून झिजतात म्हणून चामड्याच्या वहाणा द्यायच्या. आणि गाऱ्हाणं घालताना एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून हुंकार भरायचा. हुंकार नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही.

शुक्रवारी धोंडीरामला सायकलवर घेऊन सर्वणच्या वाटेवरच्या शिमेकडे निघालो. वहाणा त्यानेच आणल्या, अस्सल कोल्हापुरी. तिथे पोचल्यावर बघतो तर सायकलचा स्टँड मोडलेला! धोंडीराम सायकल धरून रस्त्यावरच उभा राहिला. मी म्हटलं, हुंकारसुद्धा आपणच भरू. एवढं काय त्यात!

आत काजूंच्या झाडीत शिरलो मात्र, आणि जागीच थबकलो. किंदळीचं जुनं झाड, त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला धोंडा. खाणीचे ट्रक जेवायला थांबलेले. पाखरू बोलत नव्हतं, पान हलत नव्हतं. माझी सावली शोधली, तर ती पायाखालीच दडलेली. आणि वास येत होता विडीचा! अहो, माझा जुडगा अजून पिशवीतच होता!

पळून जावंसं वाटत होतं. पण धोंडीरामला काय तोंड दाखवणार? डोळे घट्ट मिटले, हात जोडले.

"बा शिमेवरच्या राखणदारा म्हाराजा! बंद केलेली गाडी सोमवारी सकाळी सर्वणच्या नाक्यार हजर कर रे म्हाराजा!"

झाडामागून घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण अर्धं गाऱ्हाणं सोडून उठलं तर राखणदार पाठ धरतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी तसंच पुढे रेटलं. "चार खोल्यांच्यो चावयो लोकांच्या हातात पडूं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि पाठोपाठ खोकला.

"तोंड चुकवून फिरणाऱ्या नगराध्यक्षाक लोकांसमोर उभो कर रे म्हाराजा!"

मग अगदी खोल, रडवेल्या सुरात, "व्हय... म्हाराजा."

इथे थांबायचं ना! पण देवचार प्रसन्न झालाय म्हटल्यावर माझ्यातला पुढारी थांबतोय कसला! मी छाती फुगवून ठोकून दिलं, "आणि घरात खोली रिकामी आसून जो पोटुश्या बायलेक आसरो दिना, त्येका सुखान झोपूं दिवं नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

हा आवाज झाडामागून आला नाही. माझ्या कानाशी आला, थंडगार. मी पिशवी तिथेच टाकली आणि धूम ठोकली!

"मास्तर, कुणाशी बोलत हुता?" धोंडीराम विचारतो.

"तुला ऐकू आलं?"

"आलं की! चारदा व्हय व्हय म्हटलं कुणीतरी. मला वाटलं तुमचाच माणूस हाय."

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं, देवचार मास्तरशी बोलला! लोक माझ्या पाया पडायला लागले हो! आणि मीही, गाढवाने, सांगत सुटलो, "बेलाशक जा सर्वणला, गाडी येणार!" रविवारी पाचही बिऱ्हाडं भांडीकुंडी घेऊन सर्वणला गेली. चार बिऱ्हाडांनी कबूल झालेल्या बंद खोल्यांच्या ओसरीवर ठाण मांडलं, धोंडीरामची बायको नाक्यावरच्या दुकानाच्या फळीवर पोट सांभाळत बसली. गाडी आली नाही तर? त्या रात्री पहिल्यांदाच हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला दरदरून घाम फुटला.

सोमवारी पहाटेच नाक्यावर जाऊन उभा राहिलो. साडेसहाला वळणावर हॉर्न वाजला. मिनीबस! पुढच्या सीटवर खुद्द नगराध्यक्ष, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खाली उतरले, चार चाव्या चार बिऱ्हाडांच्या हातात दिल्या आणि मला बाजूला ओढून खोकले. तोच खोकला!

"मास्तर, तो हांव आसलों रे!"

"तुम्ही? तिथे?"

"तुझ्या शिष्टमंडळाक भिवन दनपारचो थंयच बसतालों, विडी ओडीत. तुवें गाऱ्हाणें सुरू केलें आनी तोंडांतल्यान आपसूक 'व्हय' गेलें! बापायन ल्हानपणासून शिकयलां न्हय? राखणदारामुखार व्हय म्हळें, आतां फाटीं कसो सरूं? मेव्हण्याचे पाय धरले बाबा, तेन्ना गाडी सुटली!"

मी पोट धरून हसलो. अहो, अर्जांनी जमलं नाही ते विडीने जमवलं! म्हटलं, "बरे सापडलात! आता चौथंही पुरं करा. पाचव्या बिऱ्हाडाला खोली द्या."

"चवथें खंयचें?"

"मी चार मागणी मागितली. तुम्ही चारदा व्हय म्हणालात."

"ना रे," नगराध्यक्ष म्हणाले. "हांव तीनदांच म्हणलों. तिसऱ्याक तुवें म्हजेंच नांव काडलें, तशें काजींतल्यान पळून गेलों."

मी बोटांवर मोजायला लागलो.

"न्हाई सायेब," मागून धोंडीराम शांतपणे म्हणाला. "चारच. मी मोजल्यात."

नगराध्यक्षांचा आवाज एकदम बारीक झाला. "मास्तर... चवथें मागणें कितें आसलें?"

मी पुटपुटत सांगितलं. रिकामी खोली. पोटुशी बाई. सुखाची झोप.

नगराध्यक्षांची नजर माझ्या कमरेच्या चावीवर गेली. धोंडीरामने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं हो! माझ्या वर्गाच्या माडीवर दोन खोल्या तीन वर्षं कुलूप लावून पडलेल्या, मोडक्या टाइपरायटरांचे सांगाडे ठेवायला. ते सांगाडे वर चढवून देणारा धोंडीरामच होता. पण गरीब माणूस, मागणार कसा? आणि मला, चार अर्ज टाइप करणाऱ्या पुढाऱ्याला, त्या खोल्या एकदाही आठवल्या नव्हत्या! शरमेने मान वर होईना.

नगराध्यक्षांनी घसा खाकरला आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, म्हजीं तीन कामां जालीं. तुजें केन्ना?"

जाब विचारायला गेलेल्या पुढाऱ्याने भर नाक्यावर कमरेची चावी सोडून धोंडीरामच्या बायकोच्या हातात दिली.