टपालकाकांची फळी

सकाळपासून जपमाळ तीनदा हातात घेतली आणि तीनदा खाली ठेवली. डोळे मिटले की ती कापडी पिशवीच दिसे.

टपालकाकांकडून गल्लीतल्या बाराही घरांच्या किल्ल्या परत आणायच्या, असं काल सगळ्यांनी ठरवलं. मी गोड बोलते म्हणून ती पिशवी हातात देऊन मला पुढे केलं. काका गल्लीच्या तोंडाशी एकटेच राहतात. आयुष्यभर याच भागात त्यांनी पत्रं वाटली. निवृत्त झाल्यावर प्रत्येक घराची जादा किल्ली आपोआप त्यांच्याकडे गेली. दाराशेजारी फळी, तिच्यावर बारा हूक, वर घरांचे नंबर. कुणाचा नळ चालू राहिला, कुणाचं मांजर आत अडकलं, की काका धावलेच.

परवा चार नंबरच्या आजी न्हाणीघरात पडल्या. सूनबाई बाहेर. हाका ऐकून काका चौथ्या हुकावरची किल्ली घेऊन धावले, ती लागेचना. शेवटी खिडकीची काच फोडली. आजींच्या हाताला मुका मार, बाकी देवाची कृपा. पण म्हातारा विसरायला लागला, असं घरोघरी झालं. कुणीतरी त्यांच्या लेकीला फोन केला. ती आज संध्याकाळी त्यांना कायमचं न्यायला येतेय.

"नवव्या मजल्यावर ठेवणार मला," दार उघडताच काका म्हणाले. "तिथून काय, कबुतरांना पत्रं वाटू?" मग पिशवी दिसली. "वा! भाजीला निघालात वाटतं?"

मी नजर चुकवून फळीकडे पाहिलं. तिला ताजा निळा रंग होता, वरचे नंबर त्याखाली गेले होते.

"हा कधी दिलात?"

"गेल्या आठवड्यात. किल्ल्या परातीत काढल्या, रंग वाळल्यावर एकेक घर आठवून लावल्या. तरी चुकलो. डोकंच गेलं म्हणायचं!" ते खोलीत येरझारा घालत होते, बसा म्हटलं तरी बसेनात.

आमचं घर नऊ नंबरचं, पण नवव्या हुकावर आमची किल्ली नव्हती. ती पाचव्यावर होती. तुटलेल्या जपमाळेचा मणी मीच तिला बांधलाय. मी दारातून गल्लीत पाहिलं. डाव्या हाताला एक, तीन, पाच, सात, नऊ. आमचं घर पाचवं.

"काका, पत्रं वाटताना कसे जायचात?"

"डाव्या बाजूने जायचं, उजव्या बाजूने परत यायचं. का?"

"किल्ल्याही तशाच लावल्यात तुम्ही."

ते थबकले. एकेका हुकावर बोट ठेवत मनातल्या मनात गल्ली फिरून आले. अकराव्या हुकाशी बोट थांबलं.

"आजींची. इथे होती हो," म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

ती किल्ली घेऊन मी चार नंबर गाठला. कुलूप एका फेऱ्यात उघडलं.

"न विचारता कोण घुसलं?" आतून आजी.

मी भराभरा सगळं सांगितलं. त्या पडल्या पडल्याच ऐकत होत्या.

"गाढव मेला! आणि माझी काच न बसवता चाललाय होय? लाव त्याच्या पोरीला फोन."

"निघाली असेल हो ती."

"मग वाटेत ऐकेल."

मी नंबर लावला. रिंग वाजत होती, वाजतच होती. पलीकडून "हॅलो" आलं, तसा आजींनी दुखऱ्या हाताने फोन ओढून घेतला आणि दुसऱ्या हाताने किल्ली माझ्या पिशवीत टाकली.

"त्याच्याच हुकाला लाव परत," त्या मला म्हणाल्या, आणि मग फोनवर गरजल्या, "हं, ऐक गं पोरी!"