अंगठ्याखालचा फोम

घाटकोपरला माझं फोम-रेक्झिनचं दुकान आहे. सोफेवाले येतात, हाताने चेपून बघतात, घेऊन जातात. ती बाई मात्र डोळे मिटून एकाच जागी अंगठा दाबायची आणि म्हणायची, "थोडा अजून मऊ दाखवा ना, दादा." पाच-सहा वेळा आली, दरवेळी गठ्ठे उपसायला लावले. शेवटी मी वैतागलो. "मॅडम, नक्की बनवायचंय काय तुम्हाला?"

"पोट," ती म्हणाली. ती सर्जन होती. शिकाऊ डॉक्टरांनी माणसाआधी खोट्या पोटावर हात बसवावा, यावर तिचं संशोधन चाललं होतं.

"मग मशीनने मोजून घ्या की!"

"मोजलंय. पण एका पेशंटचं पोट माझ्या अंगठ्याला अजून आठवतंय. माझा हात चुकला, ती वाचली नाही. त्यानंतर मी ऑपरेशन केलेलं नाही."

मी शिडी लावली. माळ्यावरचा एक जुना तुकडा काढून दिला. तिने डोळे मिटून अंगठा दाबला आणि बराच वेळ उचललाच नाही. उचलला तेव्हा फोममधला खळगा हळूहळू भरून आला.

"हाच," ती म्हणाली. चेहरा मात्र उतरला होता. "फरक एवढाच, हा भरून येतो."